आकडेवारीत नसलेला कैदी

१/ मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत वाढलो. टॉवेलच्या कारखान्यात ज्या दोषाला वहीत रकाना नसतो, तो हिशेबात येत नाही. तुरुंगात पुरुष कैद्यांवर होणाऱ्या लैंगिक अत्याचाराचेही तसेच झाले आहे.

२/ १८६०च्या भारतीय दंड संहितेत कलम ३७५ने बलात्काराची पीडित केवळ स्त्रीच मानली. पुरुषावरील बळजबरी कलम ३७७च्या ‘अनैसर्गिक’ कृत्यांत ढकलली गेली. तेथे संमती आणि जबरदस्ती यांत भेदच नव्हता.

३/ ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सज्ञानांचे संमतीचे संबंध त्यातून वगळले; बळजबरी गुन्हाच राहिली. १ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता लागू झाली. तीत ३७७ला पर्यायी कलमच नाही.

४/ एनसीआरबीच्या अहवालात तुरुंगातील आत्महत्या आणि खून मोजले जातात. बलात्काराचा आकडा मात्र कलमावरून निघतो. त्यात सज्ञान पुरुष येऊच शकत नाही.

५/ अमेरिकेत २००३च्या कायद्यानंतर कैद्यांनाच गोपनीयपणे विचारले जाऊ लागले. येरवड्यात, आर्थर रोडला, सोलापुरातही तसेच विचारावे. नोंद नाही म्हणून घटना घडलीच नाही, असे इतिहासाच्या विद्यार्थ्याला म्हणता येत नाही. शासनानेही म्हणू नये.