गोळी सोडणं म्हणजे त्याग नव्हे



दशलक्षण पर्व जवळ आलं की मंदिरात कोण किती उपवास करणार याची चर्चा सुरू होते. त्यात एखादी हमखास म्हणते, "मी दहा दिवस बीपीची गोळीसुद्धा बंद ठेवते, काही होत नाही!" आणि आपण कौतुकानं मान डोलावतो. माझं स्पष्ट मत आहे की हे कौतुक थांबायला हवं.

"काही होत नाही" हाच तर या दुखण्याचा फसवेपणा आहे. रक्तदाब १४०/९० च्या वर गेला तरी बहुतेकींना काहीच जाणवत नाही. मी कॉमर्सची, म्हणून मला हा घसाऱ्यासारखा वाटतो. रोज दिसत नाही, पण मेंदू, हृदय आणि मूत्रपिंडाच्या खात्यात लिहिला जातच असतो.

गोळी सुटते ती फक्त विसरल्यामुळे नाही. यजमानांच्या आणि सासूबाईंच्या गोळ्या वेळेवर देणारी बाई स्वतःची संपली की "बघू पुढच्या महिन्यात" म्हणते. कुणाला "एकदा सुरू झाली की जन्माची लागते" ही भीती असते. कुणाच्या पायाला सूज येते, कुणाला कोरडा खोकला लागतो, मग डॉक्टरांना न विचारताच गोळी बंद होते. खरं तर अशा वेळी गोळी बदलून मिळते. पैशांची अडचण असेल तर जनऔषधी केंद्रात याच गोळ्या बऱ्याच स्वस्त असतात.

आपल्यात आणखी एक कारण आहे. सूर्यास्तानंतर पाणीही न घेण्याचा नियम असला की रात्रीची गोळी राहूनच जाते. ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासात २०२२ मध्ये असं दिसलं की रक्तदाबाची गोळी सकाळी घेतली काय किंवा संध्याकाळी, हृदयविकार आणि पक्षाघाताच्या प्रमाणात फरक पडत नाही. तेव्हा "माझी गोळी सकाळी चालेल का?" एवढं डॉक्टरांना विचारा. नियमही राहील, गोळीही राहील.

उपवासाचंही तसंच. काही गोळ्यांनी लघवी जास्त होते. त्या घेऊन निर्जल उपवास केला तर रक्तदाब एकदम उतरून चक्कर येऊ शकते. म्हणून पर्वाच्या आधीच डॉक्टरांशी बोला. उपवास झेपणार नसेल तर एकासन करा आणि नियम घेतानाच औषधाची सूट ठेवा. त्यात कमीपणा कसला? सोळाकारण भावनांमध्ये 'शक्तितस्त्याग' आणि 'शक्तितस्तप' आहेतच. त्याग आणि तप शक्तीप्रमाणे करायचं, असं शास्त्रच सांगतं.

रोज न चुकता जाप करणाऱ्या आपण. जपमाळेशेजारीच गोळ्यांची डबी ठेवा. आणि यंदा कुणी गोळी सोडल्याचं सांगितलं, तर मान न डोलावता तिला प्रेमानं विचारा, "अगं, डॉक्टरांना विचारलंस का?"