वांकिडीचा कापूस आणि फरदडीचा मोह

वांकिडी मंडल 2016 पासून आदिलाबादऐवजी कोमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात मोडते. जिल्हा बदलला, पीक मात्र कपाशीचेच राहिले. 2006 मध्ये आलेल्या दोन जनुकांच्या बीटी वाणांना गुलाबी बोंडअळी आता जुमानत नाही, हे नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या अभ्यासातून स्पष्ट झाले आहे.

शिफारशी अवघड नाहीत. एकरी दोन कामगंध सापळे लावावेत. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ पतंग सापडले, किंवा वीस हिरवी बोंडे फोडल्यावर दोहोंत अळी आढळली, तरच फवारणी करावी. डोमकळ्या वेचून नष्ट कराव्यात.

खरी अडचण डिसेंबरनंतरची. हाताशी पाणी असले की आणखी एक-दोन वेचण्यांच्या आशेने ओलीत देऊन फरदड राखली जाते. पैशाची निकड असलेल्या शेतकऱ्याला दोष देणे सोपे आहे. पण अळीला त्यामुळे पुढील हंगामापर्यंत आसरा मिळतो आणि तिचे पतंग शेजाऱ्याच्या शेतातही उतरतात. एकट्याने पऱ्हाट्या उपटून भागत नाही. सीमेपलीकडे राजुरा तालुक्यातही कपाशीच आहे. तेथे सल्ला मराठीत मिळतो, इकडे तेलुगूत. वांकिडीतील मराठी आणि गोंडी भाषकांपर्यंत तो कितपत पोहोचणार? दोन्ही राज्यांच्या कृषी विभागांनी कपाशी काढण्याची एकच मुदत ठरवून ती गावाच्या भाषेत सांगितली पाहिजे. फरदडीला दिले जाणारे पाणी उन्हाळी तीळ वा भुईमुगाला देता येते. मात्र त्यासाठी बियाणे डिसेंबरातच हाती पडायला हवे.