पाटी नसलेलं तळं

दोस्तांनो, वाशीम जिल्ह्यातल्या किन्हीराजाहून एका मैत्रिणीचं पत्र आलंय. ती लिहिते, ‘पुस्तकात नांदूर मध्यमेश्वरच्या पक्ष्यांचे फोटो पाहिले. आमच्याकडे नुसता पाझर तलाव. दिवाळीनंतर पाणी ओसरतं आणि काठाला चिखल उरतो. मग आम्ही पक्षी कुठे पाहायचे? तिथे मुलं गलोल घेऊन जातात, त्यांना काय सांगू?’

तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्या चिखलातच आहे बरं का!

नांदूर मध्यमेश्वर तरी काय होतं? नाशिक जिल्ह्यात गोदावरी आणि कादवा नद्यांच्या संगमापाशी माणसांनीच घातलेला बंधारा. त्याच्यामागे वर्षानुवर्षं गाळ साचला, पाणी उथळ झालं, पाणवनस्पती माजल्या आणि पक्षी येऊ लागले. १९८६ साली ते अभयारण्य झालं. पुढे ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा ठरलं. पक्षी आधी आले, पाटी मागाहून लागली!

चिखलात पक्ष्यांना काय मिळतं? किडे, अळ्या, गोगलगायी. तुतवार ओल्या काठावर तुरुतुरु पळत ते टिपतो. शेकाट्या लांब लाल पायांनी उथळ पाण्यात फिरतो. थापट्या बदक चपट्या चोचीने पाणी गाळून खातं. पाणी जसजसं हटतं, तसतसा नवा काठ उघडा पडतो. जणू रोज नवं ताट वाढलेलं!

आता गंमत पाहा. ज्या बदकाच्या चोचीवर पिवळा आणि लाल रंग दिसतो, ते हळदीकुंकू. काळ्या अंगाचा, कपाळावर पांढरा टिळा असलेला तो वारकरी. आपल्याच लोकांनी नीट पाहून ही नावं ठेवली आहेत.

तुम्हीही पाहा. सकाळी लवकर, घरातल्या मोठ्या माणसाबरोबर जा. पूर्वेच्या काठावर थांबा, म्हणजे सूर्य पाठीशी राहील. दुर्बीण नसली तरी अडत नाही. वहीत तारीख, वेळ आणि पक्ष्यांची संख्या लिहा. थवा मोठा असेल तर दहा-दहाचे गट करून मोजा. नाव येत नसेल तर चोच, पाय आणि रंग लिहून ठेवा. चिखलात मात्र उतरू नका. तो फसवा असतो.

राहिली गलोल. नुसतं ‘मारू नका’ म्हटलं, तर मुलं हसतील. त्यांना सांग, दगड एकाला लागतो, पण उडतो सगळा थवा. हिमालयापलीकडून आलेल्या पाहुण्यांना परतीच्या प्रवासासाठी पोटभर खाऊन अंगात चरबी साठवावी लागते. दर वेळी उडण्यात ती खर्च होते. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पक्ष्यांची शिकार हा गुन्हा आहे. एवढं सांगून झालं, की त्यांच्या हाती वही दे. नेमबाजाची नजर तीक्ष्ण असते, मोजणीला तीच हवी!

५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा आणि १२ नोव्हेंबर हा डॉ. सालिम अलींचा जन्मदिवस. हे दिवस महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. त्या आठवड्यात वही सुरू करा आणि पुढच्या वर्षी त्याच दिवसांत पुन्हा मोजा. पक्षी वाढले की घटले, हे तुमच्या तळ्यापुरतं तुमच्याइतकं कुणालाच ठाऊक नसेल.

मग, काय काय दिसलं ते कळवाल ना?