पुरलेले धन आणि पेरलेले धन

आज धनत्रयोदशी. सायंकाळी घरोघरी धनाची पूजा होईल, धने-गुळाचा नैवेद्य दाखविला जाईल आणि यमराजासाठी दक्षिणेकडे तोंड करून दिवा लागेल. पुढे अमावास्येला लक्ष्मीपूजनाच्या चौरंगावर आजोबा-पणजोबांच्या वेळचा चांदीचा बंदा रुपया मांडला जाईल. वर्षभर डबीत निजलेले ते नाणे त्या दिवशी पंचामृताने न्हाऊन हळदकुंकू लेवून बसते. त्यावरचा मुखवटा परक्या राजाचा असतो. पण नातवंडाने ‘हे कोण?’ असे विचारले, तर आजी निःशंकपणे सांगते, ‘ही आपली लक्ष्मी!’

जुन्या नाण्याची आणि सोन्यारुप्याची ओढ मनुष्यास उपजतच आहे. सोने गंजत नाही, मळत नाही, म्हणूनच आपल्या पूर्वजांनी त्यास तेजाचे रूप मानले. या ओढीत पाप नाही. परंतु हीच ओढ भूमीखालच्या धनाकडे वळली, की तिचे रूप पालटते. सात रांजण, त्यांवर वेटोळे घालून बसलेला नाग आणि धन दिसणारा पायाळू माणूस, ही कथा नाही असे गाव महाराष्ट्रात विरळाच. आम्ही कीर्तनकारांनीही अशा कथा रंगवून सांगितल्या, हा आमचा दोष आम्ही प्रांजळपणे कबूल करतो.

धनाच्या दोन गतींची साक्ष आमच्या नाशिक परिसरातच आहे, आणि दोन्ही साक्षी एकाच काळच्या आहेत.

पहिली साक्ष जोगलटेंभीची. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातील या गावी क्षहरात क्षत्रप नहपान याच्या चांदीच्या नाण्यांचा प्रचंड साठा सापडला. सुमारे १३,२५० नाणी! एका बाजूस राजाचे मस्तक आणि ग्रीक अक्षरे, दुसऱ्या बाजूस बाण व वज्र आणि ब्राह्मी व खरोष्ठी लिपींतील लेख. त्यांतील सुमारे ९,२७० नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली मुद्रा पुन्हा ठोकलेली आहे. नहपानाचा पराभव केल्यावर त्याने ती नाणी वितळविली नाहीत; त्यांवरच आपला त्रिकूट पर्वत आणि उज्जयिनी चिन्ह उमटविले. एकाच रुप्यावर दोन राजे! पर्वताच्या रेषांखालून पराभूत राजाचे नाक, कान अजूनही डोकावतात. राजे आले, राजे गेले, रुपे मात्र तेच राहिले. वैराग्याचे याहून उत्तम निरूपण कोणत्या कीर्तनात सापडेल? परंतु ज्याने हे धन भूमीत ठेवले, त्याच्या ते कामी आले नाही. त्याचे नावही उरले नाही.

दुसरी साक्ष पांडवलेण्यांची. नहपानाचा जामात उषवदात याने तेथील लेण्यात आपले दान दगडावर कोरून ठेवले आहे. त्याने ३,००० कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे अक्षयनीवी म्हणून ठेविले. मुद्दल कधीच परत घ्यावयाचे नाही, केवळ व्याज वापरावयाचे. २,००० कार्षापण एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक या दराने आणि १,००० दुसरीकडे शेकडा पाऊण या दराने. पहिल्या रकमेच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रासाठी द्यावयाचे. वाचकांनी हिशेब करून पाहावा: २,००० वर महिन्याला २०, वर्षाला २४०, आणि वीस भिक्षूंना बारा-बारा म्हणजे तेही २४०! हाच उषवदात देव-ब्राह्मणांना १६ गावे देतो आणि दमणगंगा, तापी यांसारख्या नद्यांवर लोकांसाठी फुकट नावा ठेवतो.

त्याच राज्यातले, त्याच जिल्ह्यातले धन. एक पुरले गेले, एक पेरले गेले. पेरलेल्या धनाने विणकराचा माग चालला, भिक्षूची लाज झाकली गेली आणि सुमारे १९०० वर्षांनंतरही दात्याचे नाव आपण घेतो. नाण्यास आपल्या भाषेने ‘चलन’ म्हटले आहे, ते उगीच नव्हे. लक्ष्मीस ‘चंचला’ म्हणताना आपण तक्रारीचा सूर लावतो. परंतु चालणे हाच तिचा धर्म आहे. नैवेद्यातले धनेसुद्धा डबीत ठेवले तर किडतात, वाफ्यात पेरले तर हिरवे होतात.

कालिदासाने रघुवंशाच्या पाचव्या सर्गात हेच दाखविले आहे. कुबेराने कोशागारात सुवर्णवृष्टी केल्यावर रघुराजा सर्व धन कौत्सास देऊ पाहतो आणि कौत्स गुरुदक्षिणेच्या चौदा कोटींहून एक नाणेही अधिक घेण्यास तयार होत नाही. देणारा मागे घेईना, घेणारा अधिक घेईना. या स्पर्धेतले सोने आपण विजयादशमीस आपट्याच्या पानात वाटतो.

आता प्रत्यक्ष व्यवहाराविषयी. काही वर्षांपूर्वी एका गावी कीर्तन आटोपल्यावर एक तरुण गृहस्थ एकांतात येऊन म्हणाला, “बुवा, वाड्याच्या माजघरात धन आहे. मांत्रिकाने अमावास्येची रात्र सांगितली आहे. शास्त्रात विधी कोणता?” चौकशी करता कळले, की कारभारणीच्या पाटल्या त्या मांत्रिकाच्या पदरात आधीच पडल्या होत्या. मी म्हणालो, “बाबा, घरच्या लक्ष्मीचे हात ओके करून कोणती लक्ष्मी येणार आहे?” तो खाली मान घालून गेला. पाटल्या परत आल्या नाहीत. पण खणणे तरी थांबले, असे मागाहून समजले.

सर्वच ठिकाणी ते वेळेवर थांबत नाही. १९७२ ते १९७४ या काळात परभणी जिल्ह्यातील मानवत येथे गुप्तधन आणि संतती यांच्या लोभाने कोवळ्या मुलींचेही बळी गेले. २०१३ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने असली अमानुष कृत्ये गुन्हा ठरविली आहेत. धर्माच्या नावाखाली हे करणाऱ्यास धर्मशास्त्रात तिळभरही आधार नाही, हे एक शास्त्राभ्यासी म्हणून मी निक्षून सांगतो.

उलट, शास्त्र काय सांगते? मनू आणि याज्ञवल्क्य या दोघांनी निधीचा विचार केला आहे, तो व्यवहार म्हणून, राजाच्या साक्षीने. सापडलेला निधी न कळविता दडवून ठेवला आणि तो उघडकीस आला, तर निधीही द्यावा लागे आणि दंडही, असे याज्ञवल्क्याचे मत आहे. १८७८ चा निखात निधीचा कायदाही तेच सांगतो. दहा रुपयांहून अधिक मोलाचे धन भूमीत सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस लेखी कळवावे. त्यावर कोणाचा हक्क सिद्ध न झाल्यास सापडविणाऱ्यास वाटा मिळतो. सरकारने ते ठेवून घेतल्यास धातूच्या मोलावर एक पंचमांश अधिक दिले जाते. दडविल्यास वाटाही जातो आणि शिक्षाही होते.

म्हणून एवढीच विनंती, की नांगरापुढे वा पायाच्या खणतीत जुनी नाणी आली, तर ती मुशीत जाऊ देऊ नका. ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ ही अक्षरे ज्या तांब्याच्या शिवराईवर आहेत, तिचे मोल तांब्याच्या वजनावर ठरत नाही. वितळलेले नाणे म्हणजे पुसलेला शिलालेख होय. जोगलटेंभीची नाणी मुशीत गेली असती, तर सातकर्णीच्या विजयाची ती हजारमुखी साक्ष आपण कायमची गमावली असती.

चौरंगावरच्या बंद्या रुपयास यंदा नमस्कार करताना त्याच्यापासून एक धडा घ्यावा. तो शेकडो हातांतून फिरून, झिजून आपल्या घरी आला, म्हणूनच पूज्य ठरला. आपल्याही धनातील एक वाटा या दिवाळीत कोणाच्या तरी मागाला, औताला किंवा पोराच्या पाटीपुस्तकाला लागो. ते पेरलेले धन होय, आणि त्यावर कोणत्याही नागाचा पहारा लागत नाही.