वस्तीतील परिचारिका आणि विद्यापीठाची पदवी

२०२२ च्या अखेरीस मुंबई, मालेगाव आणि भिवंडी या शहरांत गोवराची साथ पसरली, बालके दगावली आणि मगच यंत्रणेला खडबडून जाग आली. घरोघर पाहणी झाली, लसीकरणाची जादा सत्रे भरली. हे पायपिटीचे काम केले ते प्रामुख्याने परिचारिकांनी आणि आशा स्वयंसेविकांनी. कोणत्या गल्लीतील बिऱ्हाड कालच गावाकडे गेले, रात्रपाळी करून निजलेल्या यंत्रमाग कामगाराच्या दारावर केव्हा थाप द्यावी, हे त्यांना ठाऊक असते. परंतु आरोग्याच्या योजना आखताना त्यांचे मत सहसा कोणी विचारीत नाही.

गोवराची पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरी सोळाव्या ते चोविसाव्या महिन्यात द्यावयाची असते. या दोन मात्रांच्या दरम्यान कामगाराचे कुटुंब उत्तर प्रदेशात वा तेलंगणात गेले, तर त्या बालकाचा माग कोणी आणि कसा ठेवावयाचा? साथ रोखण्यास सुमारे ९५ टक्के बालकांना दोन्ही मात्रा मिळाव्या लागतात. तेव्हा हा प्रश्न केवळ मनुष्यबळाचा नाही. तो संशोधनाचा आहे.

परिचर्याशास्त्राच्या उच्च शिक्षणाची वाट आपल्याकडे नवी नाही. दिल्लीत १९५९ मध्ये पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला आणि २००५-०६ मध्ये भारतीय परिचर्या परिषदेने पीएच.डी.साठी राष्ट्रीय पातळीवर व्यवस्था केली. तथापि ही वाट बहुधा अध्यापनाकडे जाते, वस्तीकडे परतत नाही. अमेरिकेतील परिचर्या महाविद्यालयांच्या संघटनेने २००४ मध्ये प्रत्यक्ष सेवेशी निगडित डॉक्टरेटचा पुरस्कार केला. तिच्यात ज्ञानाची कसोटी लागते ती सेवेत घडलेल्या सुधारणेवर.

साध्या परिचारिकांचीच पदे रिक्त राहतात, तेथे डॉक्टरेटची चैन कशाला, असा आक्षेप घेतला जाईल. तो निराधार नाही. रिक्त पदे आधी भरलीच पाहिजेत. परंतु चुकीच्या यादीवर दुप्पट माणसे नेमली, तरी सुटलेले बालक सुटलेलेच राहते. ही यादी कोठे चुकते, हे वर्षानुवर्षे ती हाताळणारी परिचारिकाच शास्त्रशुद्ध रीतीने दाखवू शकेल. मात्र तसे शिक्षण तिला मिळावयास हवे.

नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने असा अभ्यासक्रम आखावा. क्षेत्रसेवेचा अनुभव ही त्याच्या प्रवेशाची अट असावी आणि शिकणाऱ्या परिचारिकेचे वेतन चालू राहावे. परिचर्येच्या नियमनासाठी २०२३ मध्ये नवा कायदा झाला आहे; या विचाराला तो योग्य मुहूर्त ठरावा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे महानगरपालिकांनी अशा परिचारिकेसाठी अधिकारासह पद निर्माण करावे. पदाविना दिलेली पदवी भिंतीवर टांगण्यापुरतीच उरेल, आणि पुढच्या साथीत भिवंडीच्या गल्ल्यांतून पुन्हा तीच जुनी यादी फिरेल.