चोरीच्या खबरीलाही ठराविक नमुना हवा

कापडाच्या बाजारात नुसत्या 'चांगला माल' या शब्दाला किंमत नाही. काउंट, रीड, पिक आणि पन्हा सांगितला की भिवंडीचा माल मालेगावच्या माणसाला न पाहता कळतो. संगणकावर दरोडा पडतो तेव्हा मात्र आपण एवढेच सांगतो, 'व्हायरस आला', 'खाते हॅक झाले'. ईमेल कोणत्या पत्त्यावरून आला, किती वाजता, कोणती फाइल उघडली, पैसे कोणत्या खात्यात गेले, यातले काहीच नाही. अशा खबरीने शेजारची पेढी सावध कशी होणार?

जगाने यावर उपाय काढला आहे. १९८८ च्या मॉरिस वर्मनंतर अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठात पहिले सर्ट केंद्र निघाले. अशी केंद्रे देशोदेशी वाढली, पण एकाची नोंद दुसऱ्याच्या संगणकाला वाचता येईना. म्हणून २००७ मध्ये आयओडीईएफ हा नमुना जाहीर झाला, २०१६ मध्ये तो सुधारला. पुढे आलेला स्टिक्स हा नमुनाही त्याच वाटेचा. रकाने ठरलेले असल्याने एका यंत्राची खबर दुसरे यंत्र तत्काळ वाचते.

घाई का? ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे सुमारे ९४ कोटी रुपये लुटले गेले. त्यातली मोठी रक्कम २८ देशांतील एटीएममधून निघाली. चोर इतका वेगवान असताना खबर बैलगाडीने जाऊन चालणार नाही.

आपल्याकडे सर्ट-इन २००४ पासून आहे. २०२२ च्या आदेशाने कंपन्यांना अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवण्याची सक्ती झाली. वेळ ठरली, हे चांगलेच झाले. पण लहान व्यापाऱ्याकडे संगणकाचा जाणकार कुठे असतो? म्हणून व्यापारी संघटनांनी मराठी व उर्दूत एक पानी अर्ज छापावा, रकाने प्रमाण नमुन्याचेच ठेवावेत आणि पुढची नोंद संघटनेने करावी. पैसे गेले असतील तर आधी १९३० वर फोन, मग अर्ज.

पेढीची अब्रू जाईल, ही भीती खरी आहे. पण खबर कोणी पाहावी, याचाही रकाना या नमुन्यात असतो. पाच कोटींवरील उलाढालीला २०२३ पासून ई-इन्व्हॉइसचा ठराविक नमुना लागू झाला, तो आपण शिकलोच ना?

उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, असा हुकूम पवित्र कुरआनात सूरह अल-बकरामध्ये आहे. व्यापारी बंधूंनो, नुकसानीची नोंदही तशीच नीट लिहा. ती शेजाऱ्याची अमानत आहे.