अजगराचे ऊन आणि सावली

साप पाळण्याचा छंद आपल्या शहरांतूनही रुजू पाहत आहे. डिसेंबर २०२३ मध्ये बँकॉकहून आलेल्या प्रवाशाच्या सामानात, बिस्किटांच्या पुड्यांत दडविलेले ‘बॉल पायथन’ जातीचे अजगर मुंबईच्या विमानतळावर पकडले गेले. चोरटी आयात होते, त्या अर्थी गिऱ्हाईकही आहे. त्याला जनावराची किंमत ठाऊक असते. उबेची असते काय?

अंडी उबविताना स्नायू थरथरवून ऊब निर्माण करणारी भारतीय अजगराची मादी हा अपवाद सोडला, तर अजगर बाहेरच्या उष्णतेवरच जगतो. अन्न पचविण्यास त्याला ऊन हवे, अंग निवविण्यास सावली. म्हणूनच पेटीचे तापमान हा एकच आकडा नव्हे. आफ्रिकेतील बॉल पायथनला एका टोकाशी सुमारे ३१ ते ३३ अंश सेल्सिअस व दुसऱ्या टोकाशी २५ ते २७ अंश लागतात. त्यांतून जागा निवडणे त्याच्यावर सोपवावयाचे असते. ऊब अपुरी पडल्यास गिळलेले भक्ष्य ओकले जाते. तापनियंत्रकाविना ठेवलेल्या तापपट्टीने कातडी भाजते.

थंड देशांतील पुस्तके पेटी तापविण्याचे उपाय सांगतात. भिवंडीत मात्र पेच उलटा आहे. मे महिन्यात पत्र्याखालची खोलीच ३८ अंशांवर गेली, की दिवा मालवूनही पेटीत थंड टोक उरत नाही. येथे गारव्यासाठीच खर्च करावा लागेल, आणि तो एका उन्हाळ्यापुरता नव्हे. हा प्राणी वीस ते तीस वर्षे जगतो. खरेदी एकदाच होते, चालू खर्च मात्र दीर्घकाळ सोबत राहतो.

पत्र्याखाली मागावर राबणारा कामगार घामाने निथळत असता सापाची चिंता कशाला, असे कोणी विचारील. कामगाराचा गारवा हा त्याचा हक्कच आहे व तो स्वतंत्रपणे मागितलाच पाहिजे. परंतु सापाला पेटीत कोंडणे ही कोणाचीही गरज नाही. ती आपली हौस आहे, आणि हौसेचा भुर्दंड दुसऱ्या जिवावर टाकता येत नाही.

कायदाही स्पष्ट आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये भारतीय अजगर घरी पाळता येत नाही. बॉल पायथनची नोंदणी २०२४ च्या नियमांनुसार ‘परिवेश’ या शासकीय संकेतस्थळावर करणे बंधनकारक आहे. तथापि नोंदणीचा कागद पेटीत सावली पाडीत नाही. ज्याला आपल्या छपराखाली भर उन्हाळ्यात गार कोपरा राखता येत नाही, त्याने अजगर आणूच नये.